आप्पांचे कान : एका दानाचं प्रकरण

"कान कापून नेणार? शूर्पणखेचे कापले तसे?"

फोन आप्पांच्या मुलाच्या हातात होता, पण हा आवाज त्याच्या आत्याचा होता आणि तो मला लख्ख ऐकू आला. सकाळचे सहा वाजून गेले होते. आप्पा पहाटे चार पन्नासला झोपेतच गेले होते. वय ७८. देहदानाचा फॉर्म तीन वर्षांपूर्वीच भरून ठेवलेला. त्या फॉर्मच्या तळाशी, सहीच्या वरच्या रिकाम्या जागेत, त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक जादा ओळ लिहिली होती : 'कान तपासायला ठेवावेत.' देहदान घरात सगळ्यांना माहीत होतं. ही ओळ मात्र त्या पहाटे पहिल्यांदाच वाचली गेली.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा शिकवतो. हे प्रकरण आमच्या विभागातलं आहे. घरच्यांच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असे तपशील गाळून.

आप्पांची माझी ओळख अकरा वर्षांची. इचलकरंजीत एकतीस वर्षं यंत्रमागावर काढलेली, त्यातली निम्मी जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, म्हणून. खात्यात धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत आदळत असतो, मिनिटाला शंभरावर वेळा, आणि असे माग शेजारी शेजारी डझनांनी. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. ओठ वाचतात, हाताच्या खुणा करतात. आप्पा ओपीडीत आले तेव्हाही माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत होते. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढला तर अपेक्षेप्रमाणे चार हजार हर्ट्झच्या आसपास खळगा. गोंगाटात काम केलेल्या माणसाच्या आलेखावर तो सहीसारखा उमटतो. दोन्ही कानांना मशिनं दिली. दरवर्षी तपासणीला यायचे, कागद जपून ठेवायचे.

पण त्यांची तक्रार मशिनाने जाईना. "डॉक्टर, आवाज येतो. शब्द येत नाहीत." लग्नात, बाजारात, टीव्हीपुढे. ऑडिओग्राम म्हणत होता त्यापेक्षा त्यांना कितीतरी कमी समजत होतं. मशिन तीनदा जुळवून दिलं, शेवटी मी खरं ते सांगून टाकलं. ऐकण्याचं यंत्र, म्हणजे ती अडीच वेढ्यांची गोगलगायीसारखी नळी, शरीरातल्या सगळ्यांत घट्ट हाडात गाडलेली आहे. यकृताचा तुकडा सुईने काढून तपासता येतो, त्वचेचा येतो, मूत्रपिंडाचाही येतो. आतल्या कानाचा येत नाही. काढायला गेलं की जे उरलंसुरलं ऐकू येतं तेही जातं. त्यामुळे जिवंत माणसाच्या कानात नेमकं काय बिघडलंय हे कोणीच पाहिलेलं नसतं, आम्ही आलेखावरून तर्क करतो.

"मेल्यावर दिसंल?"

"दिसेल."

"मग बघा."

एवढंच संभाषण. ती जादा ओळ त्यातून आलेली.

आता आत्याबाईंचा प्रश्न. मला आजही वाटतं की चूक त्यांची नव्हती, आमच्या शब्दाची होती. डोळे दान म्हटलं की लोकांना बुबुळ समजतं. कान दान म्हटलं की डोळ्यांपुढे पाळी येते, कुडी घालतो ती. आणि आपल्या भाषेत नाक-कान कापणं ही शिक्षा आहे, अब्रू घेणं आहे. मेलेल्या भावाचे कान कापायला कुठली बहीण हो म्हणेल? मी मुलाला फोन स्पीकरवर टाकायला सांगितला आणि म्हणालो, "आत्या, बाहेरच्या कानाला कोणी हात लावणार नाही. कवटीच्या आतून, तळाकडचा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा हाडाचा तुकडा काढतात. चेहरा तसाच राहतो, कान तसेच राहतात. बाहेरून बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही."

त्या गप्प झाल्या. मग दुसरा प्रश्न आला, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड होता : "मग रक्षाविसर्जन कशाचं करायचं?" पंचगंगेच्या घाटावर तिसऱ्या दिवशी काय न्यायचं, हा तो प्रश्न. देहदानात राख मिळत नाही. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, गुरुजींजवळ होतं. देह हाती नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करतात, पालाशविधी म्हणतात त्याला. परदेशात गेलेल्या, बुडालेल्या, न सापडलेल्या माणसांसाठी हा विधी पूर्वीपासून आहे. मेडिकल कॉलेजच्या शीतगृहात असलेल्या माणसाला तो चालतो की नाही याचा खल त्या सकाळी थोडा झाला म्हणे. चालला.

यात पाऊण तास गेला. तो गेल्याचं मला वाईट वाटत नाही. पण घड्याळ चालू होतं.

कानाच्या बाबतीत घड्याळाचा अर्थ काय, ते सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावर फिरतं. शस्त्रक्रिया शिकण्यासाठी हाड हवं असेल तर घाई नसते. हाड टिकतं, गोठवून ठेवलं तर महिनोन्‌महिने. संशोधनासाठी मात्र आतल्या पेशी हव्यात, आणि आवाज टिपणाऱ्या केसपेशी मृत्यूनंतर काही तासांतच विरायला लागतात. नसांच्या पेशी जरा चिवट असतात. म्हणून संशोधनवाले म्हणतात, सहा तासांत मिळालं तर उत्तम, बारा तासांपर्यंत चालवून घेऊ, त्यानंतरच्या नमुन्यात जे दिसेल ते आजारामुळे की उशिरामुळे हे सांगणं कठीण. एकाच माणसाचे दोन कान, आणि दोन वेगळी घड्याळं.

आमचे तास असे गेले. मृत्यू घरी झालेला, म्हणून आधी फॅमिली डॉक्टरांनी येऊन कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४अ, द्यायचा होता. तो साडेसहाला मिळाला. सव्वासातला नेत्रपेढीची माणसं घरी आली. डोळे दिल्यावरही देहदान होऊ शकतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. साडेआठला गाडी निघाली, दहाच्या आत कॉलेजच्या फाटकात होती. इथवर पाच तास. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या, सहा तासांत काम होणार.

झालं नाही. सगळ्यांत जास्त वेळ घाटातल्या ट्रॅफिकने नाही, आमच्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्याने खाल्ला. देह शरीररचनाशास्त्र विभागाच्या ताब्यात येतो, कान-नाक-घसा विभागाच्या नाही. फॉर्मवर छापलेलं होतं 'वैद्यकीय शिक्षण व संशोधनासाठी'. एखादा भाग वेगळा काढून दुसऱ्या विभागाला द्यावा असं कुठे नव्हतं, आणि आप्पांची हाताने लिहिलेली ओळ कार्यालयाच्या दृष्टीने शेरा होता, संमती नव्हे. वरच्या सहीसाठी फाइल गेली. साहेब मीटिंगमध्ये. पावणेदोन तास.

गंमत अशी की कायद्याची अडचण नव्हतीच. अवयवदानाचा १९९४चा केंद्रीय कायदा उपचारासाठीच्या अवयवांचा, तो इथे लागू पडत नाही. लागू पडतो तो आपला १९४९चा अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट, आणि तो देहाबरोबर देहाच्या भागाचाही, शिक्षणाबरोबर संशोधनाचाही विचार करतो. कायद्यात जागा होती, आमच्या फॉर्ममध्ये नव्हती.

त्या पावणेदोन तासांत शरीररचनाशास्त्राच्या मॅडमशी माझं बोलणं झालं. वाद म्हणा हवं तर. त्यांचं म्हणणं : "पहिल्या वर्षाची दीडशे मुलं आहेत, सर. देह मोजके. तुम्ही कवटीचा तळ पोखरून नेलात तर मी त्यांना तो काय चित्रात दाखवू?" बरोबर होतं त्यांचं. दाता एकच, गरजू दोन, आणि दोघांच्याही गरजा खऱ्या. तोड अशी निघाली की मेंदू शिकवण्यासाठी कवटीचं झाकण त्या तसंही काढणार होत्याच. ते आजच काढायचं, मेंदू त्यांनी घ्यायचा, आम्ही तळातून दोन ठोकळे घ्यायचे, आणि बाकीचं डोकं त्यांचं. एक अट त्यांनी घातली, जी माझ्या डोक्यात आली नव्हती. कॅरॉटिड धमनी याच हाडातल्या बोगद्यातून मेंदूकडे जाते. हाड काढलं की ती तुटते, आणि नंतर देहात फॉर्मॅलिन भरायला गेलं की ते तिथूनच गळत राहतं. "दोन्ही बाजूंच्या बांधून द्यायच्या, नाहीतर माझा देह खराब होईल." बांधून दिल्या.

दीड वाजता दुसरा ठोकळा बाहेर आला. मृत्यूपासून आठ तास चाळीस मिनिटं. रक्ताचा नमुना एचआयव्ही आणि कावीळ ब, क यांसाठी आधीच गेला होता. ताज्या हाडावर ड्रिल चालवताना उडणारा तुषार नाकातोंडात जातो, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत ठोकळ्यांवर कोणी ड्रिल चालवत नाही.

उजवा कान शिकण्यासाठी ठेवला, डावा शोधासाठी.

उजव्याचं आधी सांगतो. एमएसचे चार विद्यार्थी, एक हाड. बाहेरच्यांना वाटतं एका हाडावर एकच शिकतो. तसं नाही, कांद्यासारखं आहे ते. पहिल्याने कानामागचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं हाड कोरायचं. दुसऱ्याने चेहऱ्याच्या नसेशेजारची दोन-तीन मिलिमीटरची खिडकी उघडायची. तिसऱ्याने त्या खिडकीतून कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे बहिऱ्या माणसाच्या आतल्या कानात बसवतात त्या यंत्राची, तार आत सरकवायचा सराव करायचा. चौथ्याने तोल सांभाळणाऱ्या नळ्या उघडून आतल्या नसेपर्यंत जायचं. क्रम चुकला तर पुढच्याला काही उरत नाही.

ड्रिलिंग पाहिलं नसेल तर सांगतो. हाड धातूच्या कपात तीन स्क्रूंनी आवळलेलं, वरून मायक्रोस्कोप, पाण्याची धार सतत. हाडाची ओली पिठी होते, तांदळाच्या पिठीसारखी, आणि सक्शन ती ओढत राहतं. शिकवणारा डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त लक्ष ठेवतो, कारण हाड पातळ होत जातं तसा ड्रिलचा सूर बदलतो. जाड हाडावर तो दबका असतो, मोठ्या शिरेवरच्या पापुद्र्यापाशी आला की चढतो. त्याच वेळी हाडाखालून निळसर झाक दिसायला लागते. सूर आणि रंग दोन्ही सांगतात : थांब. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या प्लास्टिकच्या हाडावर हे कळत नाही. ते वितळतं, त्याला वास येतो, आणि त्याचा सूर शेवटपर्यंत तोच असतो. मेंढीच्या कानावर रिकिबीच्या आकाराच्या इवल्याशा हाडाच्या शस्त्रक्रियेचा हात बसतो, बाकी भूगोल वेगळा.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने त्या खिडकीपाशी अर्धा मिलिमीटर जास्त दाबलं. सूर चढला होता, मी तोंड उघडायच्या आत बर, म्हणजे ड्रिलचं फिरतं टोक, पुढे गेला, आणि हाडाच्या कालव्यात एक पांढरा धागा उघडा पडला, मधोमध खरचटलेला. तिने ड्रिल बंद केलं. कोणी काही बोललं नाही. जिवंत माणूस असता तर भूल उतरल्यावर त्याला उजवा डोळा मिटता आला नसता, पाणी पिताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलं असतं. ती बराच वेळ आयपीसमध्ये बघत राहिली. त्यानंतर तिचा हात इतका हलका झाला की आता मीच तिला जरा दाब म्हणतो.

एक चूक मात्र आमची. उजवा कान ड्रिलखाली देण्याआधी त्याचं सीटी स्कॅन करायला हवं होतं. अकरा वर्षांचे ऑडिओग्राम असलेला कान, आणि आम्ही त्याचं चित्र न घेता कोरायला घेतला. मला हे सुचलं तेव्हा तिसरा विद्यार्थी खिडकीत होता.

डावा कान त्याच दुपारी फॉर्मॅलिनमध्ये गेला. इथून पुढे सगळं सावकाश. दगडासारखं हाड कापता येत नाही, म्हणून आधी त्यातला चुना काढायचा. ईडीटीएच्या द्रावणात ठेवायचं, द्रावण बदलत राहायचं, अधूनमधून एक्स-रे काढून बघायचं चुना उरलाय का. याला महिने लागतात. मग काप नीट पडावेत म्हणून सेलॉयडिन नावाच्या रसायनात घट्ट करायचं, त्यालाही महिने. मग वीस मायक्रॉन जाडीचे शेकडो काप, आणि त्यातला दर दहावा रंगवून काचेवर. एका कानाला वर्षाहून जास्त काळ लागतो. आमच्याकडे सेलॉयडिनची सोय नाही, त्यामुळे चुना काढण्यापुरतं आमचं काम आणि पुढे ज्यांची सोय आहे त्यांच्याकडे पाठवायचं. ते पाठवायचं तर पुन्हा घरच्यांची संमती लागली, कारण 'दुसऱ्या संस्थेला देणे' हेही फॉर्मवर नव्हतं.

एवढा खटाटोप एका कानासाठी कशाला? आप्पांच्या तक्रारीमुळे. २००९ साली बोस्टनच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर केसपेशी शाबूत राहतात, ऑडिओग्रामसारखी चाचणी पूर्ववत होते, पण केसपेशी आणि नस यांमधले सांधे कायमचे तुटलेले असतात. दिवे लागतात, पण निम्म्या तारा तुटलेल्या. माणसांच्या बाबतीत हे खरं आहे का, हे पाहायला दान केलेल्या शंखास्थींशिवाय, म्हणजे कानाच्या याच हाडांशिवाय, मार्गच नव्हता, आणि त्यांमध्ये वयाबरोबर नसतंतू केसपेशींपेक्षा जास्त गळालेले दिसले. 'आवाज येतो, शब्द येत नाहीत' याचं एक सबळ स्पष्टीकरण तिथे आहे. आठ तास चाळीस मिनिटांच्या नमुन्यात नाजूक सांधे मोजता येतील असा भरवसा मी देणार नाही. नसांच्या पेशी मोजता येतील. त्या शेजारी अकरा ऑडिओग्राम ठेवता येतील. कागदांशिवायचा कान म्हणजे नाव नसलेला फोटो. अमेरिकेत १९९२ पासून यासाठी राष्ट्रीय नोंदणी आहे, आणि ती दात्यांची कागदपत्रं ते हयात असतानाच गोळा करते, ते उगाच नाही. आप्पांनी हे काम न सांगता करून ठेवलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेवार.

कानाच्या शास्त्रातल्या मोठ्या गोष्टी अशाच हाडांतून आल्यात. लंडनच्या जोसेफ टॉयन्बीने एकोणिसाव्या शतकात दोनेक हजार कान उघडून पाहिले. व्हिएन्नाच्या पोलिट्झरने १८९३ साली ओटोस्क्लेरोसिस, म्हणजे रिकिबीचं हाड जखडून बहिरेपणा येतो तो, हा स्वतंत्र आजार आहे हे हाडांवरूनच सांगितलं. १९३८ मध्ये मेनिएर्स या चक्कर आणि बहिरेपणाच्या आजारात आतल्या कानातलं पाणी तुंबतं हे लंडनला हॉलपाइक आणि केर्न्स यांना दिसलं, आणि त्याच वर्षी जपानमध्ये यामाकावांना.

आणि एक न आलेली गोष्ट. बीथोव्हनने १८०२ साली भावांना लिहिलेल्या पत्रात विनवलं होतं की मी मेल्यावर डॉक्टरांना माझ्या आजाराचं वर्णन लिहायला सांगा. १८२७ मध्ये व्हिएन्नात तो गेला, दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झालं, श्रवणाच्या नसा आक्रसलेल्या दिसल्याची नोंद झाली आणि पुढच्या तपासणीसाठी दोन्ही शंखास्थी काढून ठेवल्या. १८६३ मध्ये कबर उघडली तर त्या तिथे नव्हत्या, आणि बाहेरही कुठे सापडल्या नाहीत. तो बहिरा का झाला यावर आजही वाद चालतो. हे मी प्रत्येक बॅचला सांगतो, आणि मग रजिस्टर पुढे करतो. आमच्या रजिस्टरमध्ये नाव नसतं, क्रमांक असतो, बाजू असते, तारीख, वेळ, कोणी घेतलं, कुठल्या कपाटात, आणि शेवटच्या रकान्यात 'परत'. उजव्या कानाचे कोरून उरलेले तुकडे, गाळणीत साठलेल्या पिठीसकट, एका पिशवीत घालून मॅडमच्या विभागाला परत केले. आप्पांच्या देहाबरोबरच त्यांचा अंत्यसंस्कार व्हायचा आहे. डाव्याच्या ओळीतला 'परत' रिकामा आहे.

या प्रकरणानंतर आम्ही फॉर्म बदलून घेतला. 'कान' हा शब्द काढून 'कवटीच्या आतील कानाचे हाड, बाहेरचा कान न काढता' असं लिहिलं. प्रशिक्षण, संशोधन आणि दुसऱ्या संस्थेला देणे यांना वेगवेगळे चौकोन. सही करणारा अधिकारी मीटिंगमध्ये असेल तर दुसरा कोण, त्याचं पद. ऑडिओग्राम कुठे ठेवलेत, हा एक रकाना.

नवा फॉर्म पहिल्यांदा भरला तो आप्पांच्या बायकोने. वर्षश्राद्धानंतर मुलगा घेऊन आला त्यांना, बरोबर आप्पांची दोन्ही मशिनं एका स्टीलच्या डबीत, आतले सेल तसेच. "दुसऱ्या कोणाला होतील," म्हणाल्या. मग फॉर्म वाचून घेतला. देहदानाला हो. प्रशिक्षणाच्या चौकोनात टिक. संशोधनाचा सोडला.

"आजी, हा राहिला?"

"माझ्या कानात काय शोधणार तुम्ही? मला सगळं ऐकू येतं. शेजारचंसुद्धा."

मी म्हणालो, बिघडलेला कान कशामुळे बिघडला हे कळायला त्याच वयाचा चांगला कान शेजारी ठेवून बघावा लागतो, आणि चांगले ऐकू येणारे लोक दान करायला येतच नाहीत, त्यांना वाटतं आपलं काय काम.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. त्यांनी टिक केली आणि पेन परत देता देता उजव्या कानाला हात लावला.

"कुड्या मात्र आधी काढून घ्यायच्या. सुनेला द्यायच्यात."